गिराम सरांचा आजारी बांध

गिराम सरांना निरोगी झाड दाखवू नये. त्यांचा वेळ वाया जातो, आणि तसं ते तोंडावर सांगतात. आमच्या हिनं एकदा मोठ्या हौसेनं त्यांना अंगणातली जास्वंद दाखवायला नेलं. फुलांनी नुसती लगडली होती. सरांनी दोन पानं उलटी करून बघितली, एक उन्हाकडे धरलं आणि हात झटकले. "ह्येला काईच न्हाई, वहिनी," ते म्हणाले. आवाज इतका पडलेला की हिनं आत जाऊन त्यांना पाणी आणून दिलं.

पुढं पावसाळा सरता सरता त्याच जास्वंदीच्या पानांवर पीठ भुरभुरल्यासारखं काहीतरी पांढरं धरलं. मी दुकानातून घरी येऊन बघतो तर सर अंगणात हजर, हातात पेढ्यांचा पुडा.

"अभिनंदन! भुरी आली तुमच्याकडं!"

आमच्याकडे मुलगी झाली तेव्हा ह्या गृहस्थांनी पेढे मागून खाल्ले होते. आणले नव्हते.

सर म्हणजे लिंबाजी गिराम. सेलूला एका कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवून रिटायर झालेले. उंच, वाळके, भरघोस मिशा, आणि शर्टाच्या खिशात पेनाच्या जागी भिंग. त्यांच्या घराची आणि आमच्या घराची भिंत एकच आहे. माझं मेडिकलचं दुकान आहे, म्हणून ते मला नावानं कधी हाक मारत नाहीत. "ओ मेडिकल" म्हणतात. बायकोसमोरसुद्धा.

त्यांना पिकांच्या रोगात काडीचा रस नाही. "पिकाला इचारणारे लय हायेत," ते म्हणतात. "औषधवाले हायेत, बियाणंवाले हायेत, मोबाइलवर फोटो बघून सांगणारे हायेत. तरोटा आजारी पडला तर कोण जातंय बघायला?" सर जातात. नालीकडेचा धोतरा, स्टँडमागचा आघाडा, रेल्वेच्या कुंपणातली रानभेंडी, ह्या सगळ्यांची ख्यालीखुशाली त्यांना ठाऊक असते. बरं, बघायला जातात म्हणजे बरं करायला जातात असा कुणी गैरसमज करून घेऊ नये. एकदा गल्लीतल्या एकानं भाबडेपणानं विचारलं, "सर, ह्याच्यावर काही फवारू का?" सर दोन्ही हात पसरून झाडासमोर आडवे उभे राहिले. "फवारता? अहो, आत्ता कुठं जमायलंय झाडाचं आन् रोगाचं!"

घरी फ्रिजचा एक कप्पा त्यांच्या आजारी पानांचा. काकूंनी, म्हणजे सरांच्या बायकोनं, एकदा घाईत त्यातल्याच तरोट्याची भाजी केली. सर जेवले, ढेकर दिला, मग फ्रिज उघडून बराच वेळ उभे राहिले. त्यानंतर चार दिवस त्यांनी काकूंशी अबोला धरला. काकू मला म्हणाल्या, "लय वर्षांनी घर शांत वाटायलंय हो."

तर हे सगळं एकवेळ परवडलं. खरा ताप 'जोडी'चा. सरांच्या मते एका झाडाला एकच रोग असणं म्हणजे किरकोळ बाब. त्यात बघण्यासारखं काही नाही. त्यांना दोन लागतात, एकाच झाडावर, एक विषाणूचा आणि एक बुरशीचा. ते दोघं एकमेकांशी कसे वागतात ह्यात त्यांचा जीव अडकलेला. आणि हा नाद झाडांपुरता राहिला असता तर माझं गिऱ्हाईक तुटलं नसतं.

सकाळी ते दुकानात स्टुलावर येऊन बसतात आणि गिऱ्हाइकाच्या हातातली चिठ्ठी वाचतात.

"शुगर हाय? बरं. जोडीला काय?"

"काई न्हाई, सर. नुसती शुगर."

"असू द्या, असू द्या," सर त्याच्या पाठीवरून हात फिरवतात. "हुईल."

एकदा एक मावशी सर्दीच्या गोळ्या आणि नायट्याचं मलम अशी दोन्ही औषधं न्यायला आल्या. सर्दी विषाणूची, नायटा बुरशीचा. सर स्टुलावरून उठले, मावशींना तिथं बसवलं, माझ्या खर्चानं चहा सांगितला आणि समोर उकिडवे बसले. "मावशी, नीट आठवून सांगा. सर्दी आधी का नायटा आधी? आन् सर्दी झाली तशी खाज कमी झाली का वाढली?" मावशींनी पदर सावरला, मलम तिथंच ठेवलं आणि निघून गेल्या. आता त्या चौकातल्या दुसऱ्या मेडिकलमधून घेतात. मला दिसलं की रस्ता बदलतात.

सरांचा सिद्धांत मला तोंडपाठ आहे, कारण तो मी भिंतीपलीकडूनही ऐकलेला आहे.

"विषाणू म्हंजे थोरला," सर सांगतात. "पांढऱ्या माशीच्या संगं येतो. एकदा आत घुसला की पार शिराशिरांत. पान पिवळं जाळीदार करून टाकतो. त्येला आपण हळद्या म्हणतो. बुरशी म्हंजे धाकटा. वाऱ्यावर उडत येतो. लय आत जायची त्येची हिंमत न्हाई. पानाच्या वरतीच, अंगणात खाट टाकल्यावानी पडून ऱ्हातो. ती भुरी. आता मला सांगा मेडिकल, घर एक, भाकर एक, आन् हे दोघं. जमंल का?"

"नाही जमणार," मी म्हणतो. दुसरं काही म्हटलं तर दुकान उघडायला उशीर होतो.

"न्हाईच जमत! ज्या पानात थोरला शिरला त्या पानावर धाकटा पाऊल ठेवत न्हाई. रानभेंडीवर मी वर्षानुवर्षं बघायलोय. पिवळ्या पानावर मला भुरी दाखवा, ही मिशी उतरवून देतो."

मिशी त्यांना फार प्रिय. ती पणाला लावली म्हणजे सिद्धांत पक्का, असं आम्ही सगळेच समजून होतो.

आता हे वर्षानुवर्षं बघणं चालायचं कुठं, ते सांगतो. देवगाव फाट्याहून थोडं आत सरांचं गाव. वडिलांची जमीन दोघा भावांत वाटली गेली, वरचा तुकडा सरांना, खालचा धाकट्या भावाला, दत्तारावांना. मधे बांध. वाटणीनंतर काही वर्षांनी सरांना वाटलं दत्तानं बांध कोरला. दत्तारावांना वाटलं सरांची जमीन वाट्यानं कसणाऱ्या बटईदारानं कोरला. सरांनी अर्ज केला, दत्तारावांनी उलटा अर्ज केला, आणि प्रकरण तारखांवर लागलं. तेव्हापासून दोघं बोलत नाहीत. निकाल लागेपर्यंत बांधाला कुणी औत लावायचं नाही असं ठरलं. मग काय, तो बांध रानानं गिळला. कंबरेइतका तरोटा, धोतरा, आघाडा आणि मधोमध रानभेंडीचं हे भलंमोठं बेट. सर सुरुवातीला आपल्या जागेवर नजर ठेवायला म्हणून दर रविवारी जायचे. नजर ठेवता ठेवता त्यांना पिवळं पान दिसलं, मग भुरी दिसली, आणि त्यांच्या रिटायरमेंटची सोय झाली.

नेणार कोण? मी. गाडी माझी आहे. सर डबा घेतात, पाण्याची बाटली घेतात, कारण दत्ताच्या विहिरीचं पाणी ते पिणार नाहीत. दुपारपर्यंत बांधावर भिंग लावून बसायचं आणि मला मोठ्यानं सिद्धांत ऐकवायचा. आणि पलीकडच्या अंगाला, आपल्या लिंबाखाली, दत्ताराव बसलेले. तेही दर रविवारी. त्यांना काय काम असायचं देव जाणे. विळा पुढ्यात असायचा, पण तो कधी हललेला मला दिसला नाही.

दोघांच्या मधे मी. कारण दोघांना एकमेकांशी बोलायचं असायचं आणि बोलायचं नसायचं.

"सराला म्हणा, गाडी आमच्या हरभऱ्यात घालू नका."

दत्ताराव हे एवढ्या मोठ्यानं म्हणायचे की फाट्यावर ऐकू जावं. सर मात्र माझ्याकडं बघत थांबायचे. मी सांगायचो, "सर, ते म्हणतात गाडी हरभऱ्यात घालू नका."

"त्येला म्हणा, गाडी रस्त्यावर हाय."

"दत्ताराव, सर म्हणतात गाडी रस्त्यावर आहे."

एकदा ऊन फार झालं होतं म्हणून मी मधली दोन वाक्यं गाळली, तर दोघंही माझ्यावर उखडले. "तसं म्हणलो न्हाई मी," सर म्हणाले. "आमीबी तसं म्हणलो न्हाई," पलीकडून आलं. शब्दाला शब्द पोचला पाहिजे अशी दोघांची अट. मी औषधाच्या चिठ्ठ्या वाचून आयुष्य काढलेला माणूस आहे, पण इतकं अचूक काम मी दुकानातही केलेलं नाही.

यंदा दिवाळीच्या तोंडावर सरांना नोटीस आली. प्रकरण निकालात निघालं होतं. मोजणी होऊन हद्द कायम होणार होती. मी पेढे मागायला गेलो तर सर खुर्चीत पाय वर घेऊन बसलेले, चेहरा उतरलेला.

"सर, सुटलात की! किती वर्षं वाट बघितली."

"खुणा लागणार, मेडिकल," सर म्हणाले. "खुणा लागल्या की नांगर फिरणार. ज्येच्या वाट्याला जाईल तेचा बटईदार तिथं पेरणार. एक तरोटा शिल्लक ऱ्हाणार न्हाई."

"अहो, पण अर्ज तुमचाच ना?"

"तवा मला रानभेंडी कुठं माईत होती?"

पुढचे काही दिवस सरांनी स्वतःच्या अर्जाविरुद्ध काय काय करता येईल त्याची चौकशी करण्यात घालवले. तब्येतीचं कारण सांगून मोजणी पुढं ढकलता येते का, असं मला विचारलं. मी म्हटलं, येत असेल, आजार काय दाखवायचा? सरांनी खूप विचार केला. त्यांना स्वतःला एकही आजार नाही, जोडी तर सोडाच. त्याचंही त्यांना त्या दिवशी फार वाईट वाटलं. काकू मला दारात गाठून म्हणाल्या, "जेवायला न्हाईत हो दोन दिस. झालंय काय त्येंना?" मी म्हटलं, तणांची काळजी लागली आहे. मला खरंच तेव्हा तसंच वाटत होतं.

मोजणीच्या दिवशी आम्ही सकाळीच पोचलो. सरांनी नेहमीसारखा डबा घेतला होता, पण गाडीत पेढ्यांचा किंवा भिंगाचा विषय निघाला नाही. सोयाबीन निघून गेलेलं, हरभरा वीतभर वर आलेला. मोजणीदार तरुण होता, पिवळाधमक शर्ट घालून आलेला, खांद्यावर जीपीएसच्या मशीनची काठी. सरांनी नमस्कार करायच्या आधी त्याला अडवलं.

"तुमी बांधापसून लांब ऱ्हावा."

"का बरं?"

"पांढरी माशी पिवळ्याला भुलती. तुमच्या अंगाला चिकटून इकडची तिकडं जाईल. माझ्या झाडांचं सगळं गणित चुकंल."

मोजणीदारानं माझ्याकडं बघितलं. मी मान हलवली, म्हणजे ऐका. त्यानं बॅगेतून स्वेटर काढून शर्टावर चढवला आणि उन्हात घामानं भिजत मोजणीला लागला.

बांधाजवळ गेल्यावर सर थबकले. रानभेंडीच्या बेटाभोवती बोराटीच्या फांद्या लावलेल्या होत्या. नीट, एकात एक अडकवून, जनावरानं तोंड घालू नये अशा.

"त्येला म्हणा," सर म्हणाले, "माझ्या झाडांला काटे कशाला घातले?"

"दत्ताराव, सर विचारतात, काटे कशाला घातले?"

दत्ताराव लिंबाखालून उठले. ठेंगणे, सरांपेक्षा रुंद, मिशी नाही. धोतराचा सोगा झटकत म्हणाले, "सराला म्हणा, शेळ्या यायल्यात. फांद्या घातल्या नसत्या तर ह्या रविवारी सराला बघायला काई राहिलं नसतं."

मी ते शब्दाला शब्द सांगितलं. सरांनी तोंड उघडलं. "त्येला म्हणा..." ते म्हणाले, आणि वाक्य तिथंच टाकलं. मग सर वळले आणि मोजणीदाराची काठी वाकडी असल्याचं त्याला सांगू लागले.

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. बांधाचं भांडण मिटलं तर सरांना तिथं जायचं काही कारण उरणार नव्हतं, आणि दत्तारावांना लिंबाखाली बसायचं. दोघांना मिळून एवढी एकच जागा होती. बाटली सरांची होती, तरी मी तिच्यातलं पाणी प्यालो.

मोजणी संपली. मोजणीदारानं स्क्रीन पुसली, पुन्हा बघितली आणि आनंदानं जाहीर केलं, "गिराम सर, बांध पूर्ण तुमच्या गटात येतोय."

"मला मंजूर न्हाई," सर म्हणाले.

"सर, तुमच्या बाजूनं लागलंय."

"म्हणूनच मंजूर न्हाई. मशीन चुकली."

मोजणीदार बिचारा नोकरीला नवा असावा. त्यानं जिंकलेला माणूस असा चिडलेला बघितला नव्हता. त्यानं आशेनं दत्तारावांकडे बघितलं. दत्तारावांनी आधी बांधाकडे बघितलं, मग आभाळाकडे, आणि म्हणाले, "मलाबी मंजूर न्हाई. सर म्हणतेत ते बराबर हाय. मशीन चुकली."

बांधाच्या भांडणानंतर ह्या दोघांचं पहिल्यांदा कशावर तरी एकमत झालं होतं आणि ते एका निर्दोष मशीनवर. मोजणीदार हताश होऊन म्हणाला की मग तुम्हाला निमताना करावी लागेल. निमताना म्हणजे पहिली मोजणी मान्य नसली की वरच्या साहेबाकडून करायची फेरमोजणी. तिला वेळ लागतो, असंही तो म्हणाला.

"किती?" सरांनी विचारलं.

"सांगता येत नाही."

सरांचा चेहरा उजळला. "आन् ती बी मंजूर न्हाई झाली तर?"

"मग सुपर निमताना असते, सर."

"लय चांगली सोय हाय," सर म्हणाले.

मोजणीदार मशीन घेऊन, स्वेटर तसाच घालून निघून गेला. काठी रोवायला त्यानं बोराटीच्या काही फांद्या बाजूला सारल्या होत्या. दत्ताराव वाकून त्या परत लावू लागले. सर दुसरीकडे बघत, मिशीवरून हात फिरवत उभे. मी गाडीची किल्ली काढली.

दत्तारावांनी एक फांदी उचलली आणि ते तसेच वाकलेले राहिले. एक पान बोटांनी वर धरलं.

"दादा," ते म्हणाले, "ह्येच्यावर तर दोनी हाय. पिवळं बी आन् पांढरं बी."

सवयीनं मी सरांकडं वळलो. "सर, ते म्हणतात की..."

"कुठं?" सरांनी विचारलं. मला नाही. दत्तारावांना.

सर काट्यांतून तसेच आत शिरले, पँट फाटली तिकडं लक्ष नाही, आणि भावाच्या शेजारी उकिडवे बसले. पानाच्या शिरा हळदीसारख्या पिवळ्या, आणि त्या पिवळ्या जाळीवर शुभ्र भुरी, अगदी मधोमध. सरांनी भिंग लावलं. बराच वेळ बघितलं. मग भिंग दत्तारावांच्या हातात दिलं आणि ते कसं धरायचं ते दाखवायला त्यांचा हात आपल्या हातात घेतला.

"हे चांगलं का वाईट, दादा?" दत्तारावांनी विचारलं.

सरांचा सगळा सिद्धांत त्या पानावर आडवा झाला होता. "लय चांगलं," ते म्हणाले, आणि चष्मा काढून पुसायला लागले. मी गाडीत जाऊन बसलो. माझं तिथं आता काही काम नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दुकान उघडतो तर सर स्टुलावर. गिऱ्हाइकांच्या चिठ्ठ्यांकडे लक्ष नव्हतं.

"एक ब्लेड द्या, मेडिकल."

"सर, जाऊ द्या. कोण बघतंय? मी काही सांगणार नाही."

"म्हणलो म्हंजे म्हणलो," सर म्हणाले. दुकानातल्या वजनकाट्याच्या आरशात बघून त्यांनी तिथंच मिशी उतरवली. मी बघत राहिलो. मिशी गेल्यावर समोर दत्ताराव बसले होते, फक्त उंच.

मी विचारलं, "मग निमतानाचं काय?"

"ती तर करायचीच. अर्ज दोघं मिळून देणार हाव." सरांनी ओठावरून बोट फिरवलं, तिथं काही नाही म्हणून ते दचकले, आणि मग हसले. "आन् मेडिकल, रविवारी जरा लवकर निघू. डबा आणू नका म्हणलाय दत्ता."